शुगरच्या पेशंटची हजेरी कोण घेणार?

महाड-पोलादपूरकडे शुगरची फाईल बहुतेक घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात वर कुठेतरी असते. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा अशा किती पिशव्या वाचल्या असतील? फाईल गेली की नव्या डॉक्टरांना सगळं तोंडी सांगायचं. गोळी कोणती, तर "ती पांढरी, बारकी"!

म्हणून कॉम्प्युटरवरच्या नोंदीचं महत्त्व. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, तपासणी होते आणि नाव सरकारी एनसीडी पोर्टलवर चढतं. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा आयसीएमआरचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्याच वर्षी केंद्राने बीपी-शुगरच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत उपचारांखाली आणायचं ठरवलं. पण मैत्रिणींनो, नाव चढलं म्हणजे शुगर उतरली असं नाही.

खरा उपयोग कशात आहे, ते आंबेनळी घाटापलीकडे सातारा जिल्ह्यात दिसलं. तिथे आणि सिंधुदुर्ग, वर्धा, भंडाऱ्यात २०१८ च्या सुमारास बीपीच्या रुग्णांसाठी उपक्रम सुरू झाला. 'सिंपल' नावाचं मोबाइल अॅप, रुग्णाच्या हाती एक कार्ड. कार्ड स्कॅन केलं की मागची बीपी, चालू गोळ्या समोर. आणि या महिन्यात कोण आलं नाही, त्याची यादी! सिस्टरने फोन करायचा, "काकू, गोळ्या संपल्या ना?" कागदी रजिस्टरात आलेल्यांची नोंद असते, न आलेल्याला शोधायला पानं उलटावी लागतात. शुगरलाही हेच लागू, कारण बरं वाटलं की गोळी बंद करणारे आपल्याच घरात असतात.

आपल्याकडे अडचण निराळी. अर्धं घर मुंबईत. सासूबाई पावसाळ्यात मुलाकडे गेल्या की इथे गैरहजर. दोन्हीकडे आभा क्रमांकाने नोंद झाली तर धागा जुळेल, पण खासगी दवाखान्यातलं सहसा त्यात येत नाही. डोंगरातल्या वाडीवर रेंज नाही, ते वेगळंच. नोंदीचं ओझं आशाताईंवर, मग गोळ्यांचं बोलायला वेळ कुठला?

आणखी एक. फॉर्मवर मोबाइल नंबर कोणाचा लिहिता? बऱ्याचदा यजमानांचा, नाहीतर मुंबईतल्या मुलाचा. आठवणीचा फोन त्यालाच जाणार, आणि तो कामावर. पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात गेलात की नंबर स्वतःचा लिहून घ्या, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी कधी झाली होती, तेही नोंदीत बघायला सांगा.