रुंदावलेला भांग आणि दोन चुकीची उत्तरे

जयपूरच्या सीकर रोडलगतच्या मुरलीपुऱ्यात साठी ओलांडलेल्या बायका गुडघेदुखीबद्दल मोकळेपणाने बोलतात, साखरेचे आकडे एकमेकींना सांगतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला किती खर्च आला तेही लपवत नाहीत. राजस्थानी घर असो, सिंधी असो की नोकरी-धंद्यामुळे इकडे येऊन स्थिरावलेले आमच्यासारखे मराठी घर असो, केसांचा विषय मात्र दबक्या आवाजात निघतो. भांग रुंद झाला आहे, अंबाडा सुपारीएवढा उरला आहे, उन्हात टाळू चमकते, म्हणून पदर डोक्यावरून खाली येऊ द्यायचा नाही. हे सांगणारीला दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे, ‘अब इस उम्र में क्या करना है?’ दुसरे म्हणजे एखाद्या तेलाचे नाव. ही दोन उत्तरे वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण परिणाम एकच करतात. दोन्ही त्या बाईला डॉक्टरपर्यंत पोहोचू देत नाहीत. माझे भांडण दोन्हींशी आहे.

पहिला पूर्वपक्ष वयाचा. तो खोटा नाही, अपुरा आहे. वयानुसार केस बारीक होतात, रजोनिवृत्तीनंतर ही गती वाढते आणि कपाळावरची रेषा टिकून मधला भांग रुंदावत जातो. स्त्रियांच्या या विरळपणाच्या पायऱ्या लुडविग यांनी 1977 साली मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात. पण विरळ झालेला प्रत्येक भांग वयामुळेच विरळ झाला, हे कोणी ठरवले? थायरॉइड बिघडले तर केस जातात. शरीरातला लोहाचा साठा संपत आला तर जातात. डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, घरातला मृत्यू यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात येतात. मधे एवढा काळ गेल्यामुळे ताप आणि केस यांचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. रक्त पातळ करणारी काही औषधे आणि रक्तदाबाची काही औषधेही केस गाळू शकतात. (म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचे.) यातली बरीच कारणे दूर करता येतात. ‘वय झाले’ असे म्हणून टाकणारा माणूस त्या बाईची तपासणी न करताच निदान करत असतो.

या वाक्यामागे आणखी एक गृहीत आहे, आणि ते मला अधिक खटकते: म्हाताऱ्या बाईने केसांची हौस धरणे शोभत नाही. बाईच्या केसांत तिचा मान असतो हे ज्या समाजाला पुरते ठाऊक होते, त्याच समाजाने विधवांचे केशवपन चालवले. तो मान काढून घ्यायचा म्हणूनच वस्तरा डोक्यावर चालत असे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन हे काम आपण करणार नाही असे ठरवले, तेव्हा त्यांनी बाईच्या डोक्यावरचा तिचा हक्क मान्य केला. आज वस्तरा नाही. पण सत्तरीच्या आजीने केसांसाठी डॉक्टरकडे जायचे म्हटले की घरात जे हसू फुटते, त्यात जुन्या हुकमाचा अंश उरला आहे असे मला वाटते. आजोबांच्या कवळीला कोणी हौस म्हणत नाही.

आता दुसरा पूर्वपक्ष, तेलाचा. इथे न्यायाने बोलले पाहिजे, कारण तेलाच्या बाजूनेही काही पुरावा आहे. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते असे दिसले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तो परिणाम साधला नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनही, ही आपल्या आज्यांच्या अनुभवाशी जुळणारी गोष्ट आहे. पण अभ्यास केसाच्या दांड्याबद्दल आहे. असलेला केस तुटत नाही, हा तेलाचा गुण. मुळाशी आकसलेल्या केशकूपातून नवा जाड केस उगवणे हे वेगळे काम आहे, आणि ते खोबरेल करते असे कोणी सिद्ध केलेले नाही.

कांद्याच्या रसाचेही तसेच. त्याचा दाखला म्हणून 2002 सालचा बगदादचा एक छोटा अभ्यास पुढे केला जातो. तो चाईचा, म्हणजे गोल चकत्यांनी केस जाण्याचा होता. तो आजार निराळा, आणि पुष्कळदा आपोआप भरून येणारा. रोझमेरीच्या तेलाची 2015 सालची इराणमधली चाचणी पुरुषांवर झाली होती. मुरलीपुऱ्यातल्या पासष्ट वर्षांच्या बाईच्या भांगाबद्दल यातले काहीही बोलत नाही. शिवाय कच्च्या कांद्याच्या रसाने, लसणाने, लिंबाने म्हाताऱ्या पातळ त्वचेची आग होते, ती वेगळीच.

घरगुती तेल निदान गरीब तरी असते. त्याच्या नावावर चालणारा बाजार तसा नाही. आपल्या औषध नियमांत, 1945च्या नियमांतल्या 106व्या नियमाखाली ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. अमुक आजार बरा करतो असा दावा औषधाने करायचा नाही, अशा आजारांची ती यादी आहे. त्या यादीत टक्कल आहे, आणि नवे केस उगवण्याचा दावाही आहे. कायदा इतका स्पष्ट असूनही ‘सात दिवसांत नवे केस’ सांगणारी पोस्टर खांबाखांबावर दिसतात. मार्च 2025 मध्ये पंजाबात संगरूरला टकलावर उपाय म्हणून शिबिर भरले, डोक्याला तेल लावून घ्यायला माणसे लोटली, आणि नंतर साठाहून अधिक लोक डोळ्यांची आग आणि सूज घेऊन रुग्णालयात पोहोचले. ते तेल ‘नैसर्गिक’ नव्हते असे म्हणून सुटका होत नाही. काय होते ते लावणाऱ्यांना माहीत नव्हते, हाच तर धोका.

मेंदीबद्दल या प्रांतात बोलायलाच हवे. पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी देशभर जाते, 2021 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. शुद्ध मेंदी केसाच्या दांड्यावर थर चढवते, त्यामुळे केस थोडा भरलेला वाटतो, आणि हा फायदा खरा आहे. पण ‘काळी मेंदी’ म्हणून जे पाकीट मिळते त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षे बिनतक्रार लावल्यानंतरही एके दिवशी उफाळते. टाळू सुजते, पाणी वाहते, आणि उरलेले केसही जातात. मेंदी लाल-तपकिरीच असते. पाकिटातून काळा रंग निघत असेल तर त्यात आणखी काही तरी आहे.

तिसरा पूर्वपक्ष पाण्याचा. बिसलपूर धरणाचे पाणी नळाला कमी पडले की बोअरिंगचे खारे पाणी वापरावे लागते, आणि केस गेले की दोष त्याच्या माथी जातो. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. मुळातून केस ते पाणी घालवत नाही. पाण्यावर बोट ठेवले की शोध थांबतो, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत जाऊ लागले. मुले, बाया, म्हातारी, कोणी सुटले नाही. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कोकणातले असंख्य जीव वाचवले, ते तिथे गेले. रक्त, लघवी, केस आणि घरातले धान्य तपासून घेतल्यावर त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर.

मुरलीपुऱ्यातल्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते, कारण सेलेनियम हे विष म्हणून कोणी विकत नाही. ‘केस, त्वचा आणि नखे’ असे लिहिलेल्या गोळ्यांच्या पुष्कळ डब्यांवर ते घटक म्हणून छापलेले असते. अल्प प्रमाणात शरीराला ते लागते, जास्त झाले की केस गाळते. अमेरिकेत 2008 साली एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून दोनशे पट सेलेनियम गेले आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. केस जाणे हे त्यांचे एक ठळक लक्षण होते. जीवनसत्त्व ‘अ’चेही असेच, अतिरेक झाला तर केस जातात. ‘गोळीच तर आहे, अपाय काय होणार?’ या बोलण्याला एवढे उत्तर पुरे व्हावे.

अशाच केसांच्या गोळ्यांतल्या बायोटिनचा धोका आणखी निराळा, आणि वयस्क बाईसाठी गंभीर. रोज सुमारे 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, जेवणातून ते मिळते, कमतरता क्वचितच असते. दुकानातली गोळी 5 किंवा 10 मिलिग्रॅमची, म्हणजे शेकडो पट. हे बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांत ढवळाढवळ करते. थायरॉइडचे आकडे चुकतात. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी पाहिले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात अशा चुकीच्या निकालानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. छातीत दुखते म्हणून सत्तरीच्या आजीला रात्री रुग्णालयात नेले, तर ती केसांची गोळी घेते हे सांगायला घरात कोणाला सुचेल? म्हणून घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा, आणि रक्त द्यायच्या आधी ती किती दिवस थांबवायची ते विचारा.

इतके खंडन केल्यावर करायचे काय, हे सांगायची जबाबदारी माझ्यावर येते.

आधी निदान. त्वचारोगतज्ज्ञाला टाळू दाखवायची, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, आणि गरजेप्रमाणे बी-12 व ड जीवनसत्त्व तपासायचे. राजस्थानात 2011 पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधांची आणि 2013 पासून मोफत तपासण्यांची योजना आहे, तेव्हा रक्त तपासायला मुलापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. तज्ज्ञाला दाखवायचे आणखी एक कारण आहे. ऑस्ट्रेलियातले स्टीव्हन कोसार्ड यांनी 1994 साली रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमधला एक आजार नोंदवला. त्यात कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, भुवया विरळ होतात, आणि केशकूपाच्या जागी व्रण होतो. व्रण झालेल्या जागी केस परत येत नाहीत. लवकर ओळखले तर तो थोपवता येतो. तेल चोळत घालवलेले वर्ष इथे फार महाग पडते. भुवया झडत असतील, टाळूला खाज किंवा जळजळ असेल, तर थांबायचे नाही.

सर्वसाधारण विरळपणावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलचा. मूळ हे रक्तदाबाचे औषध; ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून त्याचा हा उपयोग पुढे आला. स्त्रियांसाठी 2 टक्क्यांच्या द्रावणाला अमेरिकेत 1991 साली मान्यता मिळाली, 5 टक्क्यांच्या फेसाला 2014 साली. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात. इथेच बहुतेक जणी घाबरून सोडून देतात, कारण हे होणार असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जुना केस पडून नव्याला जागा होते आहे, एवढाच त्याचा अर्थ. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. कपाळावर-गालावर लव येऊ शकते, टाळूला खाज सुटू शकते. छातीत धडधड किंवा पायाला सूज जाणवली तर थांबवून डॉक्टरांना गाठायचे. हृदयाचा विकार असेल तर सुरू करण्याआधीच विचारायचे. मिनॉक्सिडिलची कमी मात्रेची गोळीही हल्ली दिली जाते, पण ती केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शेजारणीच्या चिठ्ठीवर नव्हे. आणि घरात मांजर असेल तर हे औषध तिच्यापासून दूर ठेवायचे, तिला ते प्राणघातक ठरते. नातवाला किंवा मुलाला टकलासाठी दिलेल्या फिनास्टराइडच्या गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत. रजोनिवृत्तीनंतरच्या 137 स्त्रियांवर 1 मिलिग्रॅम मात्रेची वर्षभर चाचणी झाली, 2000 साली निकाल प्रसिद्ध झाला, आणि उपयोग दिसला नाही.

यावर शेवटची हरकत येते: ‘हे आयुष्यभर लावावे लागते, सोडले की केस पुन्हा जातात.’ खरे आहे. रक्तदाबाची गोळीही सोडली की रक्तदाब वाढतो, म्हणून कोणी ती निरुपयोगी ठरवत नाही.

औषध लागू पडेपर्यंतचे महिने कसे काढायचे, याला आपल्याकडे जुने उत्तर आहे. गंगावन लावणे कोणत्याही मराठी घरात कमीपणाचे मानले जात नसे, लग्नकार्यात तर नाहीच. आजच्या हलक्या क्लिपच्या पट्ट्या हे त्याचेच रूप आहे. फक्त त्या घट्ट ओढून बसवायच्या नाहीत, आणि अंबाडाही करकचून बांधायचा नाही, कारण सतत ताण पडला की कानशिलावरचे केस कायमचे जाऊ शकतात. भांगाची बाजू बदलली, केस खांद्यापर्यंत आखूड केले, टाळूवर केराटिनचे तंतू भुरभुरले, की लगेच फरक दिसतो. ताटात वाटीभर घट्ट वरण, दही किंवा पनीर रोज असावे. एकादशी-चातुर्मासाचे उपास साबुदाण्यावर काढणाऱ्या बायकांच्या प्रथिनांचा हिशेब फार तोकडा पडतो. चहा जेवणाला लागून घेऊ नये, लोह शोषले जाण्यात तो आडवा येतो.

भांगाचा एक फोटो औषध सुरू करायच्या दिवशी काढावा, मग दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, केस त्याच बाजूने विंचरून. रोज आरशात पाहणाऱ्या डोळ्याला संथ वाढ दिसत नाही, आणि घरातल्यांच्या ‘काही फरक नाही’ या शेऱ्याने मन खचते. सहाव्या महिन्यात ते फोटो डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवावेत. पुढे लावत राहायचे की थांबायचे, हे त्या बाईने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे.