दुभत्या जनावरांस प्रतिजैविक औषधे : गुण, दोष आणि जबाबदारी

गाईची कास अकस्मात सुजावी, दगडासारखी टणक व्हावी, हात लावताच तिने लाथ झाडावी आणि सडातून दुधाऐवजी पाणी किंवा गाठी याव्यात, हा प्रसंग दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्यास नवा नाही. या कासदाह रोगास खेड्यापाड्यांत ‘दगडी’ म्हणतात. पूर्वी या रोगाने सड कायमचा निकामी होई, प्रसंगी जनावरही दगावे. आता पशुवैद्य प्रतिजैविक औषधाची सुई देतो, सडात औषधाची नळी सोडतो आणि उपचार वेळीच झाल्यास पुष्कळ जनावरे पुन्हा दूध देऊ लागतात. हा लाभ लहान नव्हे. परंतु उपचार चालू असताना निघणारे दूध कोठे जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तोच या विषयातील खरा प्रश्न होय.

इ. स. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलीनचा शोध लागला. पुढे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. ज्या फ्लेमिंग यांनी हे शस्त्र मानवाच्या हाती दिले, त्यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू मरणार नाहीत, उलट ते औषधाला दाद न देण्यास शिकतील. हा इशारा आज गोठ्यागोठ्यांत खरा ठरत आहे.

औषधाची मर्यादा

प्रतिजैविक औषध जिवाणूंवर चालते, विषाणूंवर चालत नाही. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी हे विषाणूंचे रोग असून ते या औषधांनी बरे होत नाहीत. जखमांत मागाहून शिरणाऱ्या जिवाणूंपुरताच त्यांचा उपयोग होतो, आणि तो कधी करावा हे पशुवैद्यानेच ठरवावयाचे असते. तरीही ताप दिसला की दुकानातून औषध आणावे, एक-दोन सुया टोचाव्यात आणि जनावर चारा खाऊ लागले की उपचार थांबवावा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. अशा अर्धवट उपचारात दुबळे जंतू मरतात व चिवट जंतू उरतात. त्यांचीच पुढे वाढ होते, आणि पुढच्या वेळी तेच औषध पाण्यासारखे ठरते.

या औषधांचे दुष्परिणामही ध्यानात घेतले पाहिजेत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात वैरण पचविणारे असंख्य उपयुक्त जंतू असतात. मोठ्या जनावरास प्रतिजैविक औषध तोंडावाटे पाजल्यास हे जंतूही मरतात, भूक मंदावते व दूध घटते. जेंटामायसीनसारख्या औषधाची मात्रा चुकल्यास मूत्रपिंडास इजा पोहोचते. पेनिसिलीन एखाद्या जनावरास न मानवल्यास सुई देताच ते कोसळू शकते. सबब, ही औषधे घरगुती काढ्याप्रमाणे वापरण्याजोगी नव्हेत.

दुधातील अंश

सुईने दिलेले औषध रक्तावाटे सर्व शरीरात पसरते व दुधात उतरते. पुष्कळ शेतकरी रोगट सडाचे दूध टाकून देतात आणि उरलेल्या तीन सडांचे दूध निर्धास्तपणे संस्थेस घालतात. ही समजूत चुकीची आहे. चारही सडांच्या दुधात औषधाचा अंश असू शकतो. दूध उकळल्याने जंतू मरतात, परंतु औषधाचा अंश त्यामुळे नाहीसा होईल अशी खात्री धरता येत नाही. ज्यांस पेनिसिलीन सोसत नाही अशा माणसांस या अंशानेही अपाय होण्याचा संभव असतो. असे दूध विरजले तर दही नीट लागत नाही, कारण विरजणातील जंतूही त्या औषधाने मरतात. एका गाईचे दूध संकलन केंद्राच्या टाकीत मिसळले म्हणजे गावच्या साऱ्या दुधास तो दोष लागू शकतो. हे दूध वासरास पाजण्याचीही चाल आहे. तीही सोडली पाहिजे, कारण त्याने वासराच्या आतड्यात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची वाढ होते.

कायद्याने यासंबंधी तरतूद केलेली आहे. औषधानंतर किती दिवस दूध वर्ज्य करावे, हे खाद्य देणाऱ्या जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर छापण्याचा नियम भारत सरकारने २०१२ साली केला. ज्या औषधाचा असा काळ निश्चित झालेला नाही, त्यासाठी दूध व अंडी यांकरिता किमान ७ दिवस आणि मांसाकरिता किमान २८ दिवस ठरविण्यात आले. पुढे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचे खाद्य देणारी जनावरे, कोंबड्या व मत्स्यपालन यांसाठीचे उत्पादन व विक्री सरकारने बंद केली. अन्य औषधे निरुपयोगी ठरली असता माणसाच्या प्राणरक्षणासाठी राखून ठेवलेले हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बंदीचे महत्त्व कळते.

तोटा कोणी सोसावा ?

नियम योग्य आहे, पण तो पाळण्याचा भार कोणावर पडतो ? समजा, गाय दिवसास १० लिटर दूध देते. ७ दिवसांचे ७० लिटर दूध टाकावयाचे म्हणजे लिटरला ३० रुपये भाव धरला तरी २,१०० रुपये बुडाले. औषधाचा व पशुवैद्याचा खर्च वेगळाच. ज्याच्या दावणीला एक-दोनच गाई आहेत आणि दुधाच्या पैशावर ज्याचा किराणा येतो, त्यास ‘दूध फेकून द्या’ असा उपदेश करणे सोपे आहे, तो पाळणे अवघड आहे. तो दूध लपवून घालतो ते दुष्टपणाने नव्हे, तर अडचणीमुळे. म्हणून केवळ उपदेशाने अथवा दंडाच्या धाकाने हे काम होणारे नाही.

याला उपाय सहकाराचा आहे. रोज १,००० लिटर दूध गोळा करणाऱ्या संस्थेने लिटरमागे १० पैसे बाजूस काढले, तर दिवसास १०० रुपये व वर्षास ३६,५०० रुपये जमतील. उपचाराखालील गाईच्या दुधाची निम्मी भरपाई द्यावयाची ठरविल्यास वरील हिशेबाने वर्षात सुमारे ३४ सभासदांचा तोटा हलका होईल. कोणी खोटी मागणी करील अशी शंका घेतली जाईल. परंतु पशुवैद्याची चिठ्ठी व संस्थेच्या वहीतील नोंद असल्याशिवाय भरपाई नाही, असा नियम केला म्हणजे ती शंका बव्हंशी दूर होते. शिवाय या नोंदीमुळे कोणत्या गोठ्यात रोग वारंवार येतो हेही कळेल. खरे सांगणाऱ्या सभासदास जेथे शिक्षा होते, तेथे खरे सांगण्याची रीत टिकत नाही.

तथापि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे स्वच्छता होय. गोठा कोरडा ठेवावा. धार काढण्यापूर्वी हात व कास धुऊन पुसावी आणि पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात घेऊन गाठी आहेत की काय ते पाहावे. अंगठा आत दुमडून सड ओढू नये. धार संपताच सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. त्यानंतर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून जनावर लगेच बसू नये यासाठी त्यापुढे वैरण टाकावी. रोगट जनावराची धार सर्वांच्या शेवटी काढावी. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. औषधाची वेळ आलीच, तर सुई देण्याआधी दुधाचा नमुना तपासणीसाठी घ्यावा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते कळते. मग पशुवैद्याने ठरविलेली मात्रा व मुदत पूर्ण करावी.

पाटाचे पाणी साऱ्या गावाचे असते. वरच्या शेतकऱ्याने ते नासविले तर खालच्याचे पीक जाते. या औषधांची शक्तीही तशीच साऱ्या गावाच्या मालकीची आहे. आज एका गोठ्यात ती उधळली गेली, तर उद्या त्याच गावातील तापाने फणफणलेल्या मुलास ती पुरणार नाही. टाकून दिलेल्या ७० लिटर दुधाची किंमत या हिशेबात मोजली पाहिजे, आणि ती एकट्या गरीब गोपालकाकडून वसूल न करता साऱ्या संस्थेने वाटून घेतली पाहिजे.