ध्वनिमुद्रणाची मुभा

अमेरिकेंतील 'ग्रेटफुल डेड' हा वाद्यवृंद १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत उदयास आला. त्याचें एकच गीत दोन रात्रीं सहसा सारखें वाजत नसे. तें तबकडींत सामावावें कसें? श्रोते यंत्रें घेऊन येऊं लागले. त्यांस हांकलून न देतां वृंदानें १९८४ सालीं सभागृहांत त्यांच्यासाठीं निराळी जागाच नेमून दिली. विक्री मात्र वर्ज्य. अशानें उत्पन्न बुडतें म्हणावें, तर पुढें गर्दी वाढतच गेली. कॉर्नेल विद्यापीठांतील ८ मे १९७७ ची मैफल आधीं श्रोत्यांच्या हातोहात पसरली. रीतसर प्रसिद्ध झाली ती २०१७ सालीं! तींत विस्तार आहे, पाल्हाळ नाहीं. (इतर कित्येक रात्रीं त्याचा सुकाळ आहे, हें भक्तांनीं रागावल्याविना ऐकावें.) आमच्याकडेहि राग दर मैफलींत नवा उमलतो, तेव्हां यंत्र दिसतांच डोळे वटारणाऱ्या व्यवस्थापकांनीं हा कित्ता कां गिरवूं नये, हें मला उमगत नाहीं.