पॉवर काढली, पण भार कोण उचलणार?



घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून दूरदूरच्या लोकांना माहीत आहे. आम्हाला ते तिथल्या कष्टकरी माणसांमुळे माहीत आहे. आपल्या वस्त्यांमधील शिकलेला पोरगा नोकरी मिळाली नाही की हातात पाना धरतो, नाही तर स्टेअरिंग धरतो. कुणी उसाच्या ट्रॅक्टरवर, कुणी प्रवासी जीपवर, तर कुणी पुण्याच्या गॅरेजात. अशाच गॅरेजात राबणारा जांबचा एक पोरगा सुटीवर आला असता त्याने आम्हाला विचारले, "काका, आमच्या गॅरेजात एका शौकीन माणसाने दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची पॉवर स्टेअरिंग मुद्दाम काढून साधी बसवून घेतली. आमच्या जीपचा पंप गळतोय. बापू रोज ऑइल ओततात. तो पंपच काढून टाकला तर पैसे वाचतील. काढू का?"

आम्ही हिशेबाचे माणूस, यंत्राचे नव्हे. म्हणून उत्तर देण्याआधी जुन्या जाणत्या मिस्त्र्यांकडे बसून सगळे समजून घेतले. प्रश्न एकाच्या जीपचा असला तरी उत्तर अनेक घरांच्या कामाचे आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

स्टेअरिंगला तेलाच्या दाबाची मदत देण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने 1926 साली करून दाखवली. विकायच्या मोटारीत ती 1951 साली क्रायसलर कंपनीने आणली. आपल्याकडे ती पुष्कळ उशिरा घरोघर पोहोचली. 1983 साली आलेल्या मारुती 800 वर लाखो माणसे गाडी शिकली, ती बहुतेक पॉवरशिवायच. तेव्हा पॉवरशिवाय गाडी चालतच नाही, असे मुळीच नाही.

मग शौकीन लोक असलेली पॉवर का काढतात? पंप, नळ्या आणि तेल यांचे काही किलो वजन कमी होते. पंप फिरवायला इंजिनाची थोडी ताकद जाते, ती वाचते. गळतीची कटकट मिटते. आणि मुख्य म्हणजे रस्ता हाताला कळतो. चाकाखाली खडी आहे की वाळू, हे साध्या स्टेअरिंगवर बोटांना लगेच समजते. अमेरिकेतील इंडीकार शर्यतीच्या गाड्यांना आजही पॉवर स्टेअरिंग नसते. तिथले चालक दंड आणि मान कमावून गाडी वळवतात.

परंतु इथेच फसगत होते. पॉवर काढणे म्हणजे पंप सोडवणे नव्हे. गाडीत काय घडते ते पाहा. आपण चाक फिरवले की दांडीच्या टोकाची पिनियन फिरते, ती दात्यांची रॅक डावी-उजवीकडे सरकवते आणि टाय रॉड पुढची चाके वळवतात. पॉवरच्या रॅकमध्ये याशिवाय आत एक दट्ट्या असतो, त्याला घट्ट सील असतात. पिनियनपाशी एक बारीक पीळ घेणारी दांडी असते. आपण जोर लावला की ती किंचित पिळते, झडप उघडते, आणि पंपाचे तेल दट्ट्याला ज्या बाजूला हवे त्या बाजूला ढकलते.

आता नुसता पट्टा कापून पंप बंद केला तर काय होईल? दट्ट्या, सील, तेल, सगळे आतच राहिले. आधी तेल आपल्याला ढकलत होते, आता आपण तेलाला ढकलायचे. मूळच्या साध्या गाडीपेक्षाही हे स्टेअरिंग जड लागते. कुणी रॅकच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून देतात. त्याने भार थोडा हलका होतो, पण दट्ट्याचे घर्षण उरते. आणि ती पिळाची दांडी तशीच राहते. चाक फिरवले की आधी तिचा पीळ भरतो, मग चाके वळतात. मिस्त्रीच्या भाषेत स्टेअरिंगला 'प्ले' येतो. जाणकार कारागीर रॅक पूर्ण उघडून आतले सील काढतात आणि ती दांडी पक्की करून घेतात. हे लेथ आणि वेल्डिंगचे नाजूक काम आहे. तिथले वेल्डिंग तडकले तर चाक हातात फिरत राहते आणि गाडी सरळ जाते.

दुसरी गोष्ट दात्यांची. माझदा कंपनीची एमएक्स-5 ही दोन सीटची स्पोर्ट्स कार 1989 साली आली. तिच्यात दोन्ही प्रकारच्या रॅक मिळत. पॉवरच्या रॅकला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण पावणेतीन फेरे लागत, साध्या रॅकला सव्वातीनहून थोडे जास्त. असे का? जॅक आठवा. दांडा पुष्कळ वेळा हलवावा लागतो, म्हणूनच एकटा माणूस गाडी उचलू शकतो. फेरे जास्त तर जोर कमी. पॉवरची रॅक तेलाच्या भरवशावर कमी फेऱ्यांची बनवलेली असते. तेल गेले की कमी फेऱ्यांचा सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून खरा मार्ग एकच. त्याच मॉडेलची कंपनीची साधी रॅक मिळत असेल तर ती, तिच्या टाय रॉड आणि जोडांसकट बसवावी, आणि मग चाकांचे अलाइनमेंट करावे. शिवाय अनेक गाड्यांत पंपाचा पट्टाच पाण्याचा पंप आणि डायनामो फिरवतो. योग्य मापाचा पट्टा बसवला नाही तर इंजिन तापून बसेल.

आता आपली जीप. ती एमएक्स-5 गाडी हजार किलोच्या आतबाहेर. तिच्यात बसणारे दोघे. आपली जीप मुळात जड, पुढे डिझेल इंजिन, आत बाया-माणसे, टपावर गाठोडी. पुष्कळ जुन्या जीपांना रॅकही नसते, स्टेअरिंगचा गिअर बॉक्स असतो. म्हणजे गॅरेजातली स्पोर्ट्स कारची विद्या इथे जशीच्या तशी चालायची नाही. शौकीन माणूस रविवारी दोन तास गाडी फिरवतो. बापूंना रोज दहा तास, स्टँडवर मागेपुढे घेत, चालवायची आहे. उभ्या गाडीचे स्टेअरिंगच सर्वांत जड असते. गळका पंप असेल तर आधी गळती कुठली ते शोधावे. नळी असेल, सील असेल. सील किट आणि नळी बदलणे हे पूर्ण उलटापालट करण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. आणि ती जीप मूळची साधी स्टेअरिंगवाली निघत असेल तर तोच बॉक्स, त्याच जोडांसकट, जाणत्या मिस्त्रीकडून बसवता येतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर कान देऊन ऐकावे. अनेक ट्रॅक्टरांमधील पॉवर स्टेअरिंग हे पूर्णपणे तेलावरचे असते. हातातले चाक आणि पुढची चाके यांच्यामध्ये लोखंडाची दांडीच नसते, फक्त तेलाच्या नळ्या असतात. इंजिन बंद पडले तरी आतले तेल हाताने ढकलून कशीबशी वळवता येते. पण तेलच गळून गेले तर स्टेअरिंग गेलेच. तिथे 'पॉवर काढून टाकू' या बोलण्याला अर्थच नाही. गाळपाच्या दिवसांत रात्री दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या पोराच्या जिवाशी हा खेळ कुणी करू नये. नव्या मोटारींत तेलाऐवजी विजेची मोटर असते. तिचा फ्यूज काढून स्टेअरिंग साधे होत नाही, जड होते.

कागदांचेही पाहा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतील फेरबदलांवर बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सांगितले. तेव्हा काम करण्याआधी जालन्याच्या आरटीओ कार्यालयात विचारावे, विमा कंपनीला लेखी कळवावे, पोच घ्यावी. अपघात झाल्यावर विम्याचा कारकून आधी फेरबदल शोधतो, जखमी नंतर पाहतो.

या ठिकाणी आम्हाला चाळीसगाव आठवते. 1929 साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना तिथे उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा नाही. वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. वस्तीतल्या लोकांनी आपल्या पाहुण्याचा मान राखला, पण जीव मानाहून मोठा हे प्रेमापोटी त्यांच्या ध्यानात राहिले नाही. दोष त्या माणसाचा नव्हता. ज्या समाजाने त्याच्या हाती लगाम कधी येऊच दिला नाही, त्याचा होता.

आज लगाम आपल्या पोरांच्या हाती आहे. स्टेअरिंगही आहे, पानाही आहे. मग न शिकता हात घालण्याचे कारण उरले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. गॅरेजात हात काळे करणाऱ्या पोराने तो जरूर करावा. नुसते बघून शिकलेला बोल्ट सोडू शकतो. शिकलेला माणूस कुठला बोल्ट सोडायचा नाही, हेही जाणतो.

घरच्या भगिनींनीही तीन गोष्टींवर नजर ठेवावी. सकाळी उभ्या गाडीखाली तेलाचा डाग आहे का? चाक हलवले तर पुढची चाके हलण्याआधी हातात मोकळा फेरा जातो का? घरधनी संध्याकाळी खांदे दाबायला सांगू लागला आहे का? यातले एक जरी दिसले तरी गाडी दुसऱ्या दिवशी स्टँडवर नव्हे, मिस्त्रीकडे जावी. एका दिवसाचा धंदा बुडेल, माणूस राहील.

जांबच्या पोराला आम्ही उत्तर कळवले आहे. पंप काढू नकोस, आधी सील बघ. आणि प्रवेश अर्ज भरायची तारीख चुकवू नकोस. फॉर्म भरायला आम्ही बसू.

जयभीम!