महापौराची खुर्ची आणि न्यायासन

मनोहर जोशी १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर होते. विधिमंडळ आणि मुख्यमंत्रिपद पार करून ते २००२ ते २००४ लोकसभेचे अध्यक्ष राहिले. अशी कारकीर्द पुढे करून सांगितले जाते की, ज्याने महापालिकेची सभा पेलली त्याच्यावर पक्षांतराचा निवाडाही खुशाल सोपवावा. यातला अर्धा भाग खरा आहे. १८८८ च्या कायद्याने मुंबईचा कारभार आयुक्तांकडे असतो, महापौराचे मुख्य काम सभा चालवण्याचे. अध्यक्षपदासाठी याहून चांगली तालीम नाही. पण घटनेच्या १९८५ च्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीने, अध्यक्षाला न्यायाधीशही केले, आणि तिथे ही तालीम कामाची नाही. का, ते आमच्याकडच्या उदाहरणाने पाहा. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात. पाणी जाते मुंबईला, आणि इथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या पाण्याच्या वाटणीचा निवाडा मुंबईच्या महापौराने करावा, हे इथल्या शेणवे गावात कोणाला पटेल? महापौर कितीही प्रामाणिक असो, आपल्या शहराची बाजू घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. अध्यक्षाचेही तसेच: त्याची खुर्ची बहुमतावर टिकते, आणि निवाडा त्याच बहुमताचा करायचा असतो. १९९२ च्या किहोतो होलोहन खटल्यात दोन न्यायमूर्तींनी नेमके हेच बजावले होते. तिघांच्या बहुमताने तरतूद टिकली.

कोणी म्हणेल, अध्यक्षाला पक्ष सोडण्याची मुभा परिशिष्टातच आहे. आहे खरी, पण पुढची उमेदवारी पक्षाच्याच हाती असताना ती कोण वापरणार? सोमनाथ चटर्जी २००८ मध्ये पक्षादेशाविरुद्ध अध्यक्षपदावर राहिले, तर पक्षाने त्यांना काढून टाकले. न्यायालयात दाद मागता येते, हा दुसरा आक्षेप. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमधल्या शिवसेनेतल्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. इतक्या उशिरा मिळालेली दाद मतदाराच्या काय उपयोगाची? म्हणून निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली कायमचे न्यायाधिकरण नेमण्याचा विचार संसदेने करावा, ही त्याच न्यायालयाची २०२० ची सूचना मला पूर्ण मान्य आहे. त्याने सभागृहाचा मान जातो, असे म्हणणाऱ्यांनी घटनेची कलमे १०३ आणि १९२ वाचावीत: लाभाच्या पदामुळे येणारी अपात्रता आजही अध्यक्ष ठरवत नाहीत, राष्ट्रपती किंवा राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार ठरवतात, आणि त्याने कोणत्याही सभागृहाचा अपमान झालेला नाही.