अब्बांच्या दाढीची गोष्ट कोण लिहिणार?

शाळेच्या पुस्तकात भेटणारा मुसलमान मुलगा फार शहाणा असतो. प्रेमचंदांचा हमीदच घ्या. १९३३ सालच्या ‘ईदगाह’मधला हा चार-पाच वर्षांचा पोर मिठाई, खेळणी सगळं सोडून तीन पैशांत आजीसाठी चिमटा आणतो. कथा थोर आहे, वाद नाही. पण त्यानंतर धड्यांत आलेली बरीचशी मुलं हमीदचीच झेरॉक्स. ईदला शीरखुर्मा वाटतात, एकात्मतेच्या चित्रात हात धरून उभी राहतात. धांदरटपणा कुणीच करत नाही, फजिती कुणाचीच होत नाही.

मी खडकी बाजाराजवळच्या एका शाळेत दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. छावणीचा भाग असल्याने दखनी, मराठी, तमिळ, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं एकाच बाकावर असतात. तिथे सगळ्यात जास्त चाललेलं पुस्तक म्हणजे रोहिणी निलेकणींनी ‘नोनी’ या नावाने लिहिलेली शृंगेरी श्रीनिवासची गोष्ट. याचे केस लांबच लांब. न्हाव्याला वेळ नाही, शिंप्याला नाही, सुताराला नाही. शेवटी वाघ डरकाळी फोडतो आणि भीतीने सगळे केस गळून पडतात. संपली गोष्ट.

पान उलटण्याआधी मी थांबते. आता हा कुणाकडे जाईल? उत्तरं येतात, निम्मी दखनीत. एकाने त्याला थेट ॲम्युनिशन फॅक्टरीत पाठवलं, तिथे मोठी मशीन आहे म्हणून. ज्या मुलीला मराठी वाक्य अजून नीट जुळवता येत नाही, ती चित्र बघून बरोबर जागी हसते. तिला कळलंय की नाही, हे कुठल्याही चाचणीआधी मला तिथेच समजतं. अशा वेळी ‘तात्पर्य काय?’ विचारणं म्हणजे हसत्या मुलाला उठाबशा काढायला लावणं.

वाघाच्या पानावर एक मुलगा म्हणाला, ‘मेरे अब्बा की दाढी गिरी तो?’ वर्ग खदखदून हसला, सगळ्यात जास्त तोच. दचकलो आम्ही दोघी मोठ्या, मी आणि वर्गशिक्षिका. दाढी म्हटलं की आपल्याला बातम्या, संशय, टोमणे आठवतात. त्याला आठवले अब्बा.

माधुरी पुरंदरे यांचं ‘बाबांच्या मिशा’ हे पुस्तक पुण्यातलंच. बाबांच्या मिशांवर जीव असलेल्या मुलीचं. ते वाचताना मला दरवेळी वाटतं, दाढीचं असं पुस्तक मराठीत का नसावं? नानीचा हरवलेला चष्मा, दुपट्टा पळवणारी बकरी, खालाच्या लग्नात बिर्याणीच्या देगेमागे लपलेला पोरगा? घरातले काही वडीलधारे म्हणतील, हा काय पोरकटपणा. मुल्ला नसरुद्दीनला गाढवावर उलटं बसवून पिढ्यानपिढ्या हसलेली माणसं आपणच ना?

विनोदाची धार कुणाकडे आहे, हे मात्र बघावं लागतं. बाहेरच्याने दाढीवर केलेला विनोद आणि मांडीवर बसून ती ओढणाऱ्या लेकराचा विनोद यांत फरक आहे. म्हणूनच हे पुस्तक आपल्यातल्याच कुणीतरी लिहायला हवं.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखक-चित्रकारांचं नाव देऊन त्या भाषांतरित करता येतात, छापता येतात. तुमच्यापैकी कुणी एक गोष्ट दखनीत, देवनागरी लिपीत उतरवून पाठवली, तर पुढच्या शनिवारी मी ती वर्गात वाचेन. दाढीची नवी लिहिलीत, तर आधी ती.