गोळी घेतली, बरं वाटलं आणि परत तेच... महिलांचं शरीर 'ट्रायकोमोनास'ला कायमचं का हरवू शकत नाही?

'अंगावरून पांढरं जातंय' हे वाक्य आपल्याकडं डॉक्टरांसमोरही दबक्या आवाजात सांगितलं जातं. बऱ्याचदा सांगितलंच जात नाही. मग मैत्रिणीनं सुचवलेली गोळी घ्यायची, नाहीतर 'उष्णता झाली असेल' म्हणत सब्जाचं पाणी प्यायचं. चार दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा तोच त्रास सुरू.

आता थोडं पांढरं जाणं हे अगदी नॉर्मल असतं. पण पिवळसर-हिरवट स्राव, वास, खाज, लघवीला जळजळ अशी लक्षणं असतील तर त्यामागे ट्रायकोमोनास व्हजायनालिस नावाचा एकपेशीय परजीवी असू शकतो. तो शरीरसंबंधातून पसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात याचे १५ कोटी ६० लाख नवे रुग्ण होते. क्लॅमिडिया, गोनोरिया आणि सिफिलिस या तिघांपैकी एकाचाही आकडा एवढा नाही. तरी या आजाराचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकत असाल.

शरीर लढत नाही का?

लढतं की! हा परजीवी योनीमार्गाच्या आतल्या थराला चिकटतो. तिथल्या पेशी लगेच धोक्याचा रासायनिक संदेश सोडतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. या पेशी परजीवीला एकदम गिळत नाहीत, तर त्याचे चावे घेऊन लचके तोडत त्याला मारतात. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवून दिलं.

मग अडतं कुठं?

शरीर या परजीवीविरोधात अँटिबॉडी बनवतं, पण परजीवी स्वतःच्या एन्झाइमनं त्याच अँटिबॉडीचे तुकडे करतो. दुसरीकडं, योनीमार्गातलं आम्लाचं प्रमाण राखणारे चांगले जिवाणू कमी होतात आणि त्याला राहायला सोयीची जागा मिळते.

गोवर एकदा झाला की सहसा परत होत नाही, कारण शरीर तो लक्षात ठेवतं. इथं तशी टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होत नाही. त्यामुळं बरं झाल्यावरही लागण पुन्हा होऊ शकते. यावर लसही अजून नाही.

लढाईचं नुकसान कुणाला?

बाईलाच. सूज आल्यामुळं आतला थर नाजूक होतो. शिवाय एचआयव्ही ज्या सीडी-४ पेशींवर हल्ला करतो, नेमक्या त्याच पेशी तिथं गोळा होतात. हा संसर्ग असलेल्या महिलांमध्ये एचआयव्ही होण्याचा धोका साधारण दीडपट असल्याचं अभ्यास सांगतात. गरोदरपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याशीही याचा संबंध आढळला आहे.

सरकारी यंत्रणा काय करते?

आपल्याकडं सरकारी रुग्णालयांमधल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणं बघून रंगांच्या किट देतात. योनीस्रावाच्या तक्रारीसाठी हिरवी किट असते. ही पद्धत स्वस्त आहे, लगेच उपचार मिळतात. पण तिचा पायाच 'लक्षणं' हा आहे आणि हा संसर्ग झालेल्या बहुतेकांना, त्यातही पुरुषांना, काही जाणवतच नाही. म्हणजे बायको गोळ्या घेते, नवरा 'मला काय झालंय?' म्हणून घरी बसतो आणि संसर्ग फिरून तिच्याकडंच येतो. दोष मात्र तिलाच.

२०३० चं गणित बघा

वर सांगितलेल्या चारही आजारांचे २०२० मध्ये मिळून ३७ कोटी ४० लाख नवे रुग्ण होते. २०३० पर्यंत हा आकडा वर्षाला १५ कोटींच्या खाली आणायचा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. समजा, बाकीचे तीन आजार उद्या शून्यावर आले. तरी एकट्या ट्रायकोमोनासचे १५ कोटी ६० लाख उरतातच! म्हणजे याच्याकडं दुर्लक्ष करून हे उद्दिष्ट गाठताच येणार नाही.

मग करायचं काय?

हा आजार पूर्ण बरा होतो. मेट्रोनिडाझोलसारखी साधी, स्वस्त औषधं त्यावर चालतात. अमेरिकेच्या सीडीसीनं २०२१ पासून महिलांसाठी एका मोठ्या डोसऐवजी सात दिवसांचा कोर्स सुचवला आहे. पण औषध आणि डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, मेडिकलवाल्यानं नाही.

जोडीदारानंही त्याच वेळी उपचार घ्यायचे, दोघं बरे होईपर्यंत संबंध टाळायचे आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करायची. कंडोममुळं धोका कमी होतो.

शरीर हा आजार लक्षात ठेवत नाही, त्यामुळं लक्षात ठेवायचं काम आपलं. आणि पुढच्या वेळी ती दवाखान्यात जाईल, तेव्हा त्यानंही सोबत जायला हवं.